नऊ ओळींची विहीर

दर्ग्याच्या विहिरीला कुलूप लागलं तो गुरुवार होता. गुरुवारी अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर सिदी रैहानच्या दर्ग्याच्या अंगणात डफ वाजले नाहीत असं आजवर कधी झालं नव्हतं, तसे ते त्या दिवशीही वाजले. गाणारे नेहमीसारखे दोन रांगा करून समोरासमोर बसले, मधे धूप जळत राहिला, आणि नबींच्या स्तुतीची पदं एका रांगेतून उठून दुसऱ्या रांगेत जाऊन मिसळत राहिली. फक्त घसा सुकल्यावर जी मातीची सुरई हातोहात फिरायची, ती आज भिंतीशी पालथी पडली होती.

खमीस त्या सुरईशेजारी बसला होता. सत्तरी ओलांडलेला माणूस, पंजे फावड्यासारखे रुंद, डोक्यावर उन्हानं विटलेली लाल टोपी. उभं आयुष्य त्यानं विहिरी खणण्यात आणि उपसण्यात घातलं. ही दर्ग्याची विहीर त्याच्या बापानं, फरहातनं, खणलेली. सबंध किनाऱ्यावरच्या विहिरी समुद्रानं खाऱ्या करून टाकल्या तरी हिचं पाणी गोड राहिलं होतं. बाळंतिणीला पहिला घोट हिचा, मयताला शेवटची आंघोळ हिच्या पाण्याची. आणि आता त्याच पाण्यानं शाळेतली अकरा पोरं पिवळी पडली होती. डोळ्यांची बुबुळं सोडली तर बाकी सगळं हळदीसारखं. दवाखान्यानं पाणी तपासायला नेलं आणि कागद आला: पाण्यात संडासाची घाण उतरते आहे.

गाणं संपलं तेव्हा अंगणात एक मुलगी चपला हातात धरून उभी होती. पाठीला पिशवी, डोक्याला रुमाल, मोज्यांना चिखल. शेख मुन्सिफ, म्हणजे दर्ग्याचे प्रमुख, तिला घेऊन खमीसकडे आले.

"ही इब्तिसाम. शेतकी कचेरीतून आलीय, पाण्याच्या कामाला."

"बाबा खमीस तुम्हीच ना?" ती खाली बसत म्हणाली. "कचेरीत सगळे म्हणतात, या गावच्या जुन्या विहिरी कागदावर नाहीत, तुमच्या डोक्यात आहेत."

"डोक्यात काही नाही पोरी," खमीस म्हणाला. "घशात आहेत."

"त्याच्या डोक्यात नुसतं वारं आहे," शेख म्हणाले. "घशाचं मात्र खरं बोलतोय."

इब्तिसामनं पिशवीतून नकाशा काढला आणि सुरईच्या बुडाखाली एक कोपरा दाबून पसरला. जमिनीखालचं पाणी वरून, पश्चिमेकडून, समुद्राकडे वाहतं. म्हणजे घाण येते ती वरच्या अंगानं, आणि लांबून नाही, तीन-चारशे पावलांच्या आतून. मातीतून झिरपत आली असती तर मातीनं तिला गाळून घेतलं असतं. ही सरळ पाण्यात पडते आहे. तिचं म्हणणं एवढंच होतं की कुठंतरी एखादी जुनी, टाकून दिलेली विहीर आहे आणि तिच्या तोंडातून ही घाण थेट पाण्यात जाते आहे.

"ती सापडली," ती म्हणाली, "आणि आपण ती नीट बुजवली, तर वर्षा-दोन वर्षांत तुमची विहीर आपोआप निवळेल. नाही सापडली तर..."

"तर?"

"पंधरा दिवसांनी हिलाच बुजवायचा हुकूम आहे, बाबा. खडी, चिकणमाती, वर सिमेंट. पोरं आजारी पडतायत, कचेरी थांबणार नाही."

बुजवणार! या गावात विहीर बुजवत नाहीत. पाणी आटलं, खारं झालं, बाग मोडली, तरी तिच्यात कुणी माती लोटत नाही. फरहात म्हणायचा, "पाणी मरत नाही, झोपतं. झोपलेल्यावर माती कोण टाकतं रे? वर चादर घाल आणि नाकाला वारा राहू दे." म्हणून जुन्या विहिरीवर सिमेंटची लादी टाकायची आणि लादीत मुठीएवढं एक भोक ठेवायचं, पाण्याला श्वास घ्यायला. मोटा जाऊन पंप आले, समुद्र आत शिरला, बागा बसल्या, त्या दहा वर्षांत गावातल्या बहुतेक विहिरींवर चादर घालायचं काम खमीसनंच केलं होतं. ओल्या सिमेंटवर भोकाशेजारी स्वतःचा उजवा पंजा उमटवायचा, बिस्मिल्ला म्हणायचं आणि उठायचं.

"सापडेल," तो म्हणाला. "सकाळी फजरनंतर ये. पायात चांगलं घाल काहीतरी."

*

दुसऱ्या दिवसापासून ती दोघं फिरू लागली. फड्या निवडुंगाच्या कुंपणांमधून, मिरचीच्या वाफ्यांवरून, संत्र्याच्या मोडक्या बागांमधून. इब्तिसामच्या फोनमध्ये आभाळातून काढलेलं गावाचं चित्र होतं. त्यात छपरं होती, झाडं होती, विहीर एकही नव्हती.

"चादरीखालचं माणूस वरून दिसतं का?" खमीस म्हणाला. "ते अंजिराचं झाड बघ. एवढ्या कोरड्या जागी ते कुणाच्या जिवावर उभं आहे?"

अंजिराच्या मुळांत लादी सापडली. मग एक तुतीखाली, एक कोंबड्यांच्या खुराड्यामागं. इब्तिसाम भोकातून वजन बांधलेली टेप खाली सोडायची आणि खमीस तोंडानं गाऊ लागायचा.

हे गाणं म्हणजे मोटेचं गाणं. उंटीण धावेवरून, म्हणजे विहिरीच्या काठापासून उतरत जाणाऱ्या वाटेवरून, खाली जाताना मोटेचं भरलेलं चामडं वर येतं, तेव्हा हाकणाऱ्यानं ते म्हणायचं. एका ओळीला उंटिणीची तीन पावलं, तीन पावलांत चामडं एक परस, म्हणजे पुरुषभर, वर येतं. ज्या विहिरीला जितके परस, तिच्या गाण्याला तितक्याच ओळी. ओळ चुकली की चामडं काठावर आपटून फाटायचं, म्हणून पोरांना नमाजाआधीचं हातपाय धुणं, म्हणजे वजू, शिकवायच्याही आधी हे गाणं शिकवत. प्रत्येक विहिरीचं गाणं वेगळं, आणि सगळी देवाचीच.

"सहा ओळी," खमीस थांबून म्हणाला.

"अकरा मीटर," इब्तिसाम टेप वाचत म्हणाली. "दोन बोटं कमी." मग ती हसली. "बाबा, कचेरीत पाच वर्षं झाली मला. असलं यंत्र आम्हाला मिळालं नाही."

"मिळालं असतं तर गंजून गेलं असतं. याला रोज तेल लागतं."

"कसलं तेल?"

"गुरुवारचं."

आठ दिवसांत अकरा विहिरी सापडल्या. सगळ्यांच्या तळाचं पाणी तिनं बाटल्यांत भरून नेलं. खारं होतं, शिळं होतं, पण स्वच्छ. खमीसला एकीकडं बरं वाटायचं, कारण चादरींखाली पाणी खरंच झोपलं होतं, आणि दुसरीकडं दिवस संपत चालले होते. शाळेतल्या आजारी पोरांची गणती अकरावरून चौदावर गेली.

"पश्चिमेचं सगळं झालं," नवव्या दिवशी इब्तिसाम म्हणाली. "राहिली फक्त नवी वस्ती."

नवी वस्ती म्हणजे सी तय्यबची जुनी बाग. मालक गेला, त्याच्या मुलांनी तुकडे पाडून विकले, आणि पंचवीस वर्षांत तिथं घराला घर लागलं. झाड नाही, कुंपण नाही, लादी दिसायला उघडी जमीन नाही. त्या बागेतली मोठी विहीर नऊ ओळींची. खमीसचा बाप तिच्यावर हाकणारा होता. खमीस स्वतः सहा वर्षांचा असल्यापासून अंबर नावाच्या उंटिणीपुढं त्या धावेवर चढत-उतरत होता. पण आता त्या गल्ल्यांत उभं राहिलं की त्याला पूर्वपश्चिम कळत नसे.

मग हम्मा वाण्याच्या दुकानासमोर त्याचं लक्ष एका दगडाकडं गेलं. गुडघ्याएवढा, काळा, वरून गुळगुळीत. पत्ते खेळणारी माणसं आळीपाळीनं त्यावर बसायची. खमीस वाकला आणि बोटांनी त्याची कड चाचपू लागला. दोरानं घासून पडलेली खाच होती.

"काय शोधतोस रे?" हम्मा दुकानातून म्हणाला. "काल हरलास ते तिथं सांडलं नाही."

"हा वळणाचा दगड आहे," खमीसचा आवाज बदलला होता. "अंबर इथून वळायची. धावेचं खालचं टोक हे."

"अरे, मग वीस वर्षं तू काय डोळे मिटून बसत होतास त्याच्यावर?"

"बूड ठेवून बसत होतो, हम्मा. बुडाला डोळे नसतात."

इब्तिसामनं दगडाशी खूण केली. "इथून कुठल्या दिशेला?"

ते सोपं होतं. गावातली प्रत्येक धाव किब्ल्याच्या दिशेनं उतरायची. हाकणाऱ्याचं तोंड मक्केकडं, ओठांवर देवाचं नाव, पाणी पाठीमागं वर येतंय, अशी जुन्या लोकांनी आखणी केली होती. म्हणजे दगडाकडून विहिरीकडं जायचं तर किब्ल्याला पाठ करून जावं लागणार. ते खमीसच्या जिवाला बरं वाटेना. देवाचं गाणं म्हणत त्याच्या घराकडं पाठ कशी करायची? त्यानं थोडा विचार केला आणि इब्तिसामच्या हातात आपलं कोपर दिलं.

"मी उलटा चालतो. तू धर मला. गल्लीत काय आहे ते सांगत राहा."

आणि मग सगळ्या नव्या वस्तीनं ते पाहिलं. दुपार कलली होती, भिंतींवर गालिचे वाळत होते, आणि लाल टोपीवाला म्हातारा मक्केकडं तोंड करून, उलट्या पावलांनी गल्ली चढत, मोठ्यानं गात होता.

"बिस्मिल्ला, उतर गं अंबर..." तीन पावलं.

"दोर त्याचा, पाणी त्याचं..." तीन पावलं.

"आपण नुसते ओढणारे..."

पोरं मागं लागली. एका खिडकीतून कुणी टाळ्या वाजवल्या. "खमीस, नवरी कुठंय?" एक बाई गच्चीवरून ओरडली. खमीसला काही ऐकू येत नव्हतं. साठ वर्षांनी त्याच्या तळव्यांना धावेचा चढ लागला होता. वर फरसबंदी होती, सिमेंट होतं, तरी चढ तोच. उंटिणीच्या घामाचा वास आला. बाप मागून गातोय असं वाटलं. त्याचे डोळे भरून आले आणि समोरची गल्ली पाण्यात बुडाल्यासारखी दिसू लागली.

"आंधळ्या मातीला डोळा त्याचा..."

"तहान त्याची, घोटही त्याचा..."

सहावी ओळ झाली. सातवी झाली.

"बाबा, गल्ली संपली. दार आहे."

"ढकल."

"कुणाचं तरी घर आहे हो."

"गाणं अर्ध्यात सोडलं तर चामडं फाटतं पोरी. ढकल!"

दार कुरकुरलं. उंबरा टाचेला लागला, तो ओलांडला. आठवी ओळ अंधाऱ्या बोळात झाली, तिथं त्याचा आवाज घुमला. नववी उघड्या चौकात.

"आलं, आलं, हात लावा, भरा..."

खमीस थांबला. त्याची टाच एका पायरीला टेकली होती. डोळ्यांतलं पाणी त्यानं बाहीनं पुसलं तेव्हा समोर, बोळाच्या टोकाला, आतल्या बाजूनं दिसणारं निळं दार होतं. दारावर नजर लागू नये म्हणून वाळलेली माशाची शेपटी ठोकलेली, वरच्या फळीला कोपऱ्यात चीर. ती चीर दर शुक्रवारी जेवून परत निघताना त्याच्या नजरेसमोर यायची. यंदा ती बुजवून द्यायची असं तो दर वर्षी ठरवायचा.

"खूया! माझ्या भावा!" मागून हाक आली. "पाठमोरा कसला शिरतोस घरात? म्हातारपणी बहिणीचं तोंड बघायची लाज वाटायला लागली का?"

ती शादलिया होती. त्याची थोरली बहीण, शहात्तर वर्षांची, गुडघे गेलेली, हातात संत्र्याच्या फुलांची परडी.

खमीस सावकाश वळला. टाच ज्या पायरीला टेकली होती, ती न्हाणीघराची पायरी होती.

*

"तिथं ना? आहे की," शादलिया म्हणाली. तिला कशाचंच नवल वाटलं नव्हतं. तिनं इब्तिसामला बसायला गादी दिली, पाइनच्या बिया घातलेला चहा दिला, आणि मग काठी टेकत न्हाणीघरात जाऊन कोपऱ्यातली फरशी दाखवली. फरशी सुटी होती. ती उचलली तर खाली लादी. लादीत मुठीएवढं भोक, त्या भोकात संडासाचा जाड नळ उतरवलेला, आणि कडेनं सिमेंट भरून बसवलेला. नळाशेजारी पंजा उमटला होता. तरुण पंजा, बोटं सरळ, करंगळीजवळ जरा जास्त दाबलेला.

खमीसनं आपला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला.

"हे... कधीपासून?"

"घर बांधलं तेव्हापासून. बावीस वर्षं झाली. गवंडी म्हणाला, लल्ला, बाई, तुला खड्डा खणायची गरजच नाही, इथं तयार आहे आणि भोकही ठेवलंय. एकदाही तुंबलं नाही रे. अल्लाची शपथ, एकदाही नाही."

"तू मला सांगितलं नाहीस."

शादलियानं त्याच्याकडं पाहिलं. "काय सांगायचं? झाकण तू घातलंस. भोक तू ठेवलंस. पंजा तुझा आहे. मला वाटलं, तुला ठाऊकच आहे आणि भलेपणानं बोलत नाहीस. मी तर रोज दुवा देते तुला. भावानं बहिणीची केवढी सोय करून ठेवली म्हणून."

इब्तिसामनं चहाचा पेला खाली ठेवला. खमीस न्हाणीघराच्या पायरीवर बसला. नऊ परस, आणि खाली तेच पाणी, जे तीनशे पावलांवर दर्ग्यात वर येत होतं. बावीस वर्षं शुक्रवारी इथं कुसकुस खाऊन, हात धुऊन, दर्ग्यात जाऊन तो सुरईतून पाणी प्यायला होता.

"आपा," तो हळूच म्हणाला, "ही बुजवावी लागेल."

"बुजव."

"म्हणजे हा नळ काढावा लागेल."

"काढ. मग मी कुठं जाऊ ते सांग." तिचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "निवडुंगात? या गुडघ्यांनी? लहानपणी जात होतो तसे दोघं हात धरून जाऊ या, तू राखण कर."

तेवढ्यात गच्चीच्या कठड्यावरून शेजारीण डोकावली. नजात तिचं नाव, कडेवर मूल. "लल्ला शादलिया, विहिरीचे लोक आलेत का? मग आमच्याकडची पण दाखव ना त्यांना. आमचं तुंबतंय रमजानपासून. भोक लहान पडतं."

"तुमच्याकडेही आहे?" इब्तिसाम उभी राहिली.

"आमच्याकडं, दर्विशांकडं, त्या कोपऱ्यावरच्या सुताराकडं. सगळ्यांकडंच आहे की! म्हणून तर हे तुकडे आधी खपले."

सी तय्यबच्या बागेत मोठी विहीर एकच होती, पण कुळांच्या वाफ्यांवर लहान लहान मिळून आणखी सहा होत्या. संध्याकाळपर्यंत त्या सगळ्या सापडल्या. त्यासाठी गाणं म्हणावं लागलं नाही. प्रत्येक घरानं आपण होऊन दाखवली, चहा पुढं केला, फरशी उचलली. प्रत्येक ठिकाणी नळ होता आणि नळाशेजारी पंजा. शेवटच्या दोन घरांत खमीस आत गेलाच नाही. बाहेर उभा राहून फक्त विचारलं, "करंगळीकडं जास्त दाबलाय का?" आतून उत्तर आलं, "हो बाबा, तुमचाच."

*

इब्तिसाम मनाची चांगली होती. तिनं तिथंच, गल्लीत उभं राहून, कचेरीला फोन लावला. बराच वेळ बोलली, मग ऐकत राहिली. फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा वाळल्यासारखा झाला होता.

"बुजवायची योजना उघड्या जमिनीतल्या विहिरींची आहे," ती म्हणाली. "घरातल्या विहिरीला हात लावायचा तर आधी त्या घराला गटार पाहिजे. गटार नगरपालिकेचं. मी तिथंही विचारलं. ते म्हणाले, ही वस्ती परवानगीशिवाय उठली, नकाशात नाही. नकाशात नसलेल्या घराला गटार देता येत नाही."

"मग नकाशात घाला."

"ते दुसरं खातं, बाबा."

खमीसनं हार मानली नाही. उरलेल्या दिवसांत तो सातही घरी गेला. म्हणाला, "मी खड्डा खणून देतो. नीट, विटांचा, खालून बंद. माझ्या हातांनी. तुम्ही फक्त जागा द्या." सुतार त्याला घरभर घेऊन फिरला. पुढची खोली, मागची खोली, मधला बोळ, जिना. "कुठं खणू देऊ, बाबा? सांग. ही भिंत माझी, ती शेजाऱ्याची. चूल काढू की आईचा पलंग काढू?" नजातचा नवरा म्हणाला, "पोरगा आमचाही पिवळा पडलाय. तुमच्या आधी मीच खणला असता." त्याचं बोलणं खोटं नव्हतं. कुणीच नाही म्हटलं नाही. त्यांच्यापैकी कुणी शिवी दिली असती, दार लावलं असतं, तर खमीसला भांडता आलं असतं. सगळ्यांनी त्याला चहा दिला. आभाळच फाटलेलं, तिथं ठिगळ कुठं लावायचं?

बुधवारी तो शेख मुन्सिफांकडं जाऊन बसला. समोर कुलूप लावलेली विहीर होती.

"तुम्ही एकदा वरच्यांशी बोला," खमीस म्हणाला. "दर्ग्याचा मान आहे. महिनाभर तरी मागून घ्या."

"महिन्यात गटार येईल?"

खमीसनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पोरं सतरा झाली," शेख म्हणाले. "कुलूप लावलं तरी बायका मागच्या भिंतीवरून डोलची सोडतात. दुखणं जाईल म्हणून तेच पाणी आजारी पोरांना पाजतात. सिदी रैहानचं पाणी आहे, औषध आहे, म्हणतात. मी ओरडलो तर म्हणतात, शेखचा विश्वास उडाला." त्यांनी जपमाळ गुंडाळून खिशात ठेवली. "उघडी राहिली तर हीच मारेल, खमीस. हिच्यावर प्रेम आहे म्हणूनच मारेल."

*

सोमवारी खडीचा ट्रक आला. चिकणमातीची पोती आली. मजूर शहरातले होते, त्यांना विहिरीची बांधणी कळेना. कठड्याचे दगड आत कोसळू न देता कसे काढायचे ते सांगायला माणूस हवा होता. खमीसनं ते सांगितलं. त्याच्याशिवाय सांगणारं कुणी नव्हतं.

दर्ग्याची विहीर पाच ओळींची. खडी पडू लागली तसा आतून पाण्याचा आवाज आला, मग पाणी ढवळलं, मग आवाज बदलून कोरडा झाला. गुरुवारचे गाणारे सोमवारीच येऊन भिंतीशी उभे होते. डफ कुणी आणले नव्हते. खडी एक परस वर आली की खमीसचे ओठ हलायचे. तो गाणं उलटं म्हणत होता: शेवटची ओळ आधी गेली, मग तिच्या आधीची. पहिल्या ओळीपाशी, जिथं नुसतं बिस्मिल्ला आहे, तिथं मजुरानं हात थांबवून विचारलं, "आता सिमेंट ओतू ना, चाचा?"

खमीसनं इब्तिसामकडं पाहिलं. "भोक?"

"नाही बाबा," ती म्हणाली. "भोक नाही ठेवायचं."

"हं."

सिमेंट ओतलं. एकानं फळीनं सपाट केलं. सगळे खमीसकडं बघत होते. त्यानं दोन्ही हात कफनीच्या खिशांत घातले आणि लादी सुकेपर्यंत तसाच उभा राहिला.

शुक्रवारी नमाज झाल्यावर तो शादलियाकडं गेला. न जाऊन कसं चालेल? या वेळी सरळ तोंडानं गेला. चौकात बैठक घातली होती, कुसकुसची परात मधे, वर भोपळा आणि चणे, कडेला तिखट लाल वाटण. संत्र्याच्या फुलांचा अर्क चुलीवर थेंबाथेंबानं गळत होता.

"टँकरच्या पाण्यानं केलंय," शादलियानं आधीच सांगितलं. "चव नाही लागणार. जेव."

तो जेवू लागला. घास खरंच बेचव होता. शादलिया थोडं खाऊन गुडघ्यांवर हात देत उठली. "आले हं," म्हणाली आणि काठी टेकत न्हाणीघरात गेली.

खमीस चमचा हातात धरून बसून राहिला. आत बादली कलंडली. नळातून पाणी खळखळत उतरलं. त्याला नको असताना त्याचे ओठ मोजू लागले, "बिस्मिल्ला, उतर गं..." आणि पहिली ओळ पुरी व्हायच्या आत खाली, खोल, नऊ परसांवर पाणी पाण्यात पडल्याचा आवाज आला.

शादलिया हात पुसत बाहेर आली. "थांबलास का रे? निवेल ना."

खमीसनं घास उचलला.